पायथनची नॉन-ब्लॉकिंग नेटवर्क लायब्ररी कशी निवडावी: आधी सर्व्हर अडचणीत आणून पाहा

पायथनमध्ये एकाच वेळी शेकडो-हजारो कनेक्शन सांभाळायची वेळ आली की पाच नावं समोर येतात: असिंकआयओ, ट्विस्टेड, टॉर्नेडो, जीइव्हेंट आणि ट्रायो. बरेच जण मग सेकंदाला किती रिक्वेस्ट जातात याचा तक्ता शोधतात आणि वरचं नाव उचलतात. मी तो आकडा सगळ्यात शेवटी पाहतो. सगळं सुरळीत असताना या पाचही लायब्ऱ्या छान चालतात. क्लायंट मंद असला, मधेच तुटला किंवा सोबतच्या कामांपैकी एक फसलं की त्यांचा खरा स्वभाव कळतो.

नॉन-ब्लॉकिंग म्हणजे गिरणीत दळणाचा डबा ठेवून भाजी आणायला जाणं. पीठ होईपर्यंत तिथेच उभं राहिलात तर ते ब्लॉकिंग. कोणतं सॉकेट (कनेक्शनचं प्रोग्रामकडचं टोक) तयार आहे हे लिनक्सवर ईपोल ही ऑपरेटिंग सिस्टीमची सोय सांगते, मॅकवर केक्यू. त्यामुळे पायाला फारसा फरक नाही. ‘दळण झालं’ हा निरोप तुमच्या कोडपर्यंत कसा पोहोचतो, तिथे वाटा वेगळ्या होतात.

पायरी 1: घराणी ओळखा

ट्विस्टेड सगळ्यात जुनं, 2002 पासूनचं. त्यात निरोप कॉलबॅकने, म्हणजे काम झाल्यावर बोलवायला दिलेल्या फंक्शनने, येतो आणि ‘डिफर्ड’ नावाची वस्तू तो पुढे नेते. टॉर्नेडो फ्रेंडफीडमध्ये जन्मलं आणि 2009 मध्ये फेसबुकने खुलं केलं. आवृत्ती 5 पासून ते असिंकआयओच्याच इव्हेंट लूपवर (तयार झालेली कामं एकामागून एक चालवणारी फेरी) चालतं, म्हणून त्या दोघांच्या लूपची तुलना करण्यात वेळ घालवू नका. असिंकआयओ 2014 मध्ये पायथन 3.4 सोबत आलं, ‘इथे थांब, तोवर दुसरं काम चालू दे’ असं सांगणारे असिंक-अवेट हे शब्द पुढच्या वर्षी 3.5 मध्ये. ट्रायो 2017 चं. जीइव्हेंट वेगळ्याच वाटेने जातं: तुम्ही साधा, सरळ कोड लिहायचा, ते आतून ग्रीनलेट (थ्रेडसारखे, पण हलके) बदलत राहतं. एखाद्या जुन्या धड्यात असिंकोर हे पायथनचं जुनं मोड्यूल दिसलं तर पान उलटा, 3.12 मध्ये ते काढून टाकलं आहे.

पायरी 2: एकच छोटा सर्व्हर प्रत्येकात लिहा

एक ओळ घ्यायची, एक सेकंद थांबायचं, तीच ओळ परत पाठवायची. 100 क्लायंट एकदम जोडा. सगळ्यांना मिळून एक सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागायला हवा. 100 सेकंद लागले तर कुठेतरी ब्लॉक होतंय.

पायरी 3: मुद्दाम ब्लॉक करा

आता एका कनेक्शनमध्ये टाइम मोड्यूलचं साधं स्लीप दोन सेकंदांसाठी घाला. असिंकआयओ, टॉर्नेडो, ट्विस्टेड, ट्रायो, चारही ठिकाणी सगळे क्लायंट खोळंबतात. जीइव्हेंटमध्ये मंकी-पॅच (मूळ फंक्शनांच्या जागी आपली बसवणं) केला असेल तर खोळंबत नाहीत, कारण ते स्लीपच बदलून टाकतं. म्हणूनच हजारो ओळींचा जुना सिंक्रोनस, म्हणजे ब्लॉकिंग, कोड हाताशी असेल तर जीइव्हेंट मला सर्वात व्यवहार्य वाटतं. मात्र पॅच इतर इम्पोर्टच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत करा. शिवाय सी भाषेत लिहिलेल्या लायब्ऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी2 ची वाट पाहणी आत सीमध्येच होते, तिच्यासाठी सायकोग्रीन ही जोड-लायब्ररी लागते. आणि सीपीयू खाणारं लूप चालू असलं की जीइव्हेंटही इतरांसारखंच अडकतं.

असिंकआयओ वापरत असाल तर डीबग मोड चालू ठेवून हीच चाचणी करा. 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवणारं काम लॉगमध्ये दिसतं.

पायरी 4: न वाचणारा क्लायंट जोडा

ही चाचणी कोणी करत नाही आणि प्रॉडक्शनमध्ये हीच सर्वात महाग पडते. क्लायंट कनेक्शन उघडतो, पण आलेला डेटा वाचतच नाही. सर्व्हरने त्याला सतत पाठवत राहायचं, तुम्ही मेमरीवर लक्ष ठेवायचं.

असिंकआयओमध्ये राइट केल्यावर डेटा पाठवला गेला असं नसतं, सॉकेट भरलेलं असेल तर तो बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, साचतो. प्रत्येक राइटनंतर ड्रेनला (साठा कमी होईपर्यंत थांबवणारं फंक्शन) अवेट केलं तरच तुमचा कोड थांबतो. माझ्या एका सर्व्हरमध्ये ड्रेन नव्हतंच, आणि मेमरी रात्रभर चढत गेली. एररची एक ओळही आली नाही. ट्विस्टेडमध्येही राइट असंच साठवतं, प्रोड्यूसर (डेटा पुरवणारी, मधेच थांबवता येणारी वस्तू) नोंदवून वेग आवरावा लागतो. ट्रायोचं सेंड-ऑल आणि जीइव्हेंटचं सेंडऑल मात्र जागा होईपर्यंत स्वतःच थांबतात. विसरायची सोयच नाही, आणि हा गुण मला सेकंदाला हजार जास्त रिक्वेस्टपेक्षा मोलाचा वाटतो.

तरी चॅटसारख्या ठिकाणी नुसतं थांबणं पुरत नाही, कारण एका मंद क्लायंटसाठी सगळे थांबतील. तिथे प्रत्येक क्लायंटला मर्यादित लांबीची रांग द्या आणि ती भरली की त्याचं कनेक्शन तोडा.

पायरी 5: तीनपैकी एक काम फसवा

तीन कामं एकत्र सुरू करा, दुसऱ्यात एरर टाका. असिंकआयओच्या गॅदरमध्ये (अनेक कामं एकत्र चालवणारं फंक्शन) एरर वर येते, पण बाकीची दोन कामं मागे चालूच राहतात. टास्कग्रूपमध्ये, म्हणजे 3.11 पासून, तीही रद्द होतात. ही कल्पना ट्रायोने ‘नर्सरी’ या नावाने आधीच आणली होती. ट्रायोमध्ये रद्द केलेलं काम पुढच्या प्रत्येक थांब्यावर पुन्हा रद्दच होतं. असिंकआयओ रद्दचा निरोप एकदा देतं, तुमच्या कोडने तो गिळला तर काम पुढे चालू लागतं.

पायरी 6: सोबतच्या लायब्ऱ्या तपासा

वेबसाठीचं एआयओएचटीटीपी आणि पोस्टग्रेससाठीचं असिंकपीजी असिंकआयओवरच चालतात. एचटीटीपीएक्स हा वेब क्लायंट ट्रायोवरही चालतो. एसएसएच, आयमॅप, डीएनएस असे प्रोटोकॉल स्वतः बोलायचे असतील तर ट्विस्टेडमध्ये ते तयार आहेत. स्वतः लायब्ररी लिहून इतरांना देणार असाल तर एनीआयओ घ्या, तोच कोड असिंकआयओ आणि ट्रायो दोन्हींवर चालेल. कोरा प्रकल्प असेल तर मी 3.11 किंवा पुढच्या पायथनवर असिंकआयओ घेईन. सगळा कोड आपल्याच हातात असेल आणि चूक परवडणार नसेल तर ट्रायो.

पायरी 7: आता वेग मोजा

क्लायंट दुसऱ्या मशीनवर ठेवा, नाहीतर दोघं एकाच सीपीयूसाठी भांडतात. लिनक्सवर प्रत्येक कनेक्शन उघडी फाइल म्हणूनच मोजलं जातं, आणि एका प्रोसेसची उघड्या फायलींची मर्यादा बहुधा 1024 असते. ती युलिमिट या कमांडने वाढवल्याशिवाय हजारो कनेक्शनची चाचणी मधेच फसेल, आणि दोष लायब्ररीला लागेल. सरासरीऐवजी सर्वात मंद 1 टक्का रिक्वेस्टना किती वेळ लागला ते पाहा. असिंकआयओ निवडलं असेल तर यूव्हीलूप हा पर्यायी, वेगवान इव्हेंट लूप लावून हीच मोजणी पुन्हा करा. त्यासाठी एक-दोन ओळीच बदलाव्या लागतात, पण ते विंडोजवर चालत नाही.