सरपण चोरणारा शेजारी: या चुका टाळा

कोकणात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, लाकूडफाटा भरून झाला की दोन-अडीच महिने त्याकडे कोणी वळून बघत नाही. मग श्रावण लागतो, गणपती तोंडावर येतात, न्हाणीच्या चुलाणाला लाकूड कमी पडायला लागतं आणि एकदम शोध लागतो की शेजारी चोरतोय. चोरत असेलही. पाऊस लांबला की ज्याची बेगमी कमी, त्याचा हात दुसऱ्याच्या मांगराकडे, म्हणजे लाकडं ठेवायच्या खोपटाकडे, जातो. पण मग चोर पकडायला लोक जे उद्योग करतात, ते पाहून चोर परवडला म्हणायची पाळी येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न मोजता बोंब मारणं. रास किती होती याचं उत्तर 'भरपूर होती' असेल, तर तक्रार तिथंच संपली. टेप लावा. १० फूट लांब, ४ फूट उंच आणि दीड फुटी तुकड्यांची एक रांग म्हणजे ६० घनफूट. सुकं मिश्र लाकूड नीट रचलेलं असेल तर घनफुटाला साधारण १० ते १२ किलो भरतं, म्हणजे ही रांग सहा-सातशे किलोंची. आता लागोपाठ तीन दिवस चुलीत जाणारं लाकूड काट्यावर घाला. रोज ६ किलो जळत असेल तर रांग १०० ते १२० दिवस पुरते. जूनच्या सुरुवातीला हात घातलात तर सप्टेंबरात ती तळाला जाणारच, त्यात शेजाऱ्याचा काय दोष? घरात बाळंतिणीचं न्हाणं सुरू झालं किंवा मुंबईकर उतरले की रोजचा आकडा सहज १० किलोंवर जातो आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नसतो.

ओलसर लाकूड रचलं असेल तर वाळताना रास बसते. चार फुटांची रास दोन-तीन इंच खाली येणं म्हणजे चोरी नव्हे. तळाचा थर उपसून बघा. मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी, पिठासारखी भुकटी पडली असेल तर भुंगेरा. या दोघांवर फिर्याद करता येत नाही. रास वीतभर उंच दगडांवर रचा, एवढाच उपाय.

हिशोब करूनही तूट दिसली तर गेरू घ्या. रास बसल्यावर, म्हणजे रचल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी, लाकडांची तोंडं जिकडे दिसतात त्या बाजूवर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढा. आडवी नको. आडव्या रेघेच्या वरचा थर गेला तरी रेघ शाबूत राहते. तिरकी रेघ मात्र वरून उचला, मधून ओढा, बहुधा कुठंतरी तुटते. स्वतःसाठी लाकूड नेहमी एकाच टोकाकडून काढा आणि घरातल्या प्रत्येकाला ते टोक दाखवून ठेवा. दुसरीकडे रेघ तुटली की तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दीडदोन महिन्यांत वार आणि वेळ यांचा मेळ बसतो. उतावळ्या माणसाला हे जमत नाही, त्याला आज संध्याकाळीच चोर हवा असतो.

फोडलेली लाकडं रस्त्याच्या बाजूला रचू नका. चोर कुऱ्हाड घेऊन येत नाही, त्याला काखोटीला मारून नेता येईल असा तयार माल लागतो. बाहेरच्या रांगेत न फोडलेले ओंडके, आत ढलप्या, आणि फोडायचं ते आठवड्यापुरतंच. ओंडके सावकाश वाळतात हे खरं, म्हणून त्यांची एकच रांग ठेवा आणि ती शेवटी वापरा.

ताडपत्री जमिनीपर्यंत ओढणं मूर्खपणा आहे: आत लाकूड कुजतं आणि काय गेलं तेही दिसत नाही. कुत्र्यावर भिस्त नको, शेजारी त्याला रोज भाकर घालतो. हालचालीवर लागणारा सौर दिवा उन्हाळ्यात झकास, पण चोरी होते ती झडीच्या दिवसांत, नेमका तेव्हा त्याला ऊन नसतं.

आता सापळ्यांबद्दल. लाकडाला भोक पाडून त्यात फटाक्याची दारू भरायची आणि ते राशीत ठेवायचं, म्हणजे चोराच्या चुलीत बार उडेल, ही अक्कल दर पावसाळ्यात कोणीतरी पाजळतो. पुढं काय होतं बघा. त्या राशीत शे-दोनशे लाकडं एकसारखी. दारू भरणारा 'खूण केलीय' म्हणतो, ती खूण पंधरा दिवसांच्या ओलीत पुसली जाते. पहाटे पाच वाजता, वीज गेलेली असताना, मांगरातून लाकूड काढते ती घरातली आई नाहीतर सून. तिला ना खूण ठाऊक, ना दारू. आणि समजा शेजाऱ्यानंच नेलं, तरी चुलीपुढं तो नसतो, त्याची म्हातारी बसलेली असते फुंकणी घेऊन, तोंड विस्तवापासून हातभर अंतरावर. लाकडाला जळकं ऑइल फासणं यातलंच, धूर दोन्ही घरांत येतो. मांगराच्या तारेत वीज सोडणाऱ्यानं रानडुकरांच्या तारेला चिकटून मेलेल्या माणसांच्या बातम्या आठवाव्यात. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

वाडीसमोर तमाशा करू नका. शेजारी बहुतेक भाऊबंदच असतो, चारचौघांत नाव घेतलंत की लाकडं राहतात बाजूला आणि आजोबांच्या वाटणीचा वाद वर येतो. तिन्हीसांजेला एकट्यानं जा आणि चोरी हा शब्द न काढता बोला: "काकी, यंदा सरपण कमी भरलंत काय? दोन भारे देतो. तेवढं पुढच्या तोडणीला अण्णांना दोन दिवस पाठवा." ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना एक विचारा, बांधावरच्या झाडाच्या फांद्यांचा काही जुना बोल होता का? पडलेल्या काटक्या वेचणं गावात कोणी चोरी धरत नाही. तोडून रचलेलं उचललं तरच बोला.

हे थकलं की पोलीस पाटील, मग तंटामुक्त समिती. थेट पोलीस ठाणं गाठणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ५००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद मिळतो, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, आणि तोवर पुरावा चुलीत गेलेला असतो. शिवाय रास कशाची आहे ते आधी बघा. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत. उभं झाड परवानगीशिवाय पाडून भरलेलं सरपण असेल, तर चोरीला गेलेल्या लाकडाचं वर्णन लिहून देताना पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.