या चुका टाळा: जेसन स्कीमाची आवृत्ती निवडताना

जेसन स्कीमा म्हणजे जेसन फाइलमधला डेटा कसा असावा याचे लिहिलेले नियम, आणि त्या नियमांवर फाइल तपासणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हॅलिडेटर. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: फाइल व्हॅलिडेट झाली, पण आत भलताच डेटा. अशा वेळी नियम वाचण्याआधी मी स्कीमाची सुरुवात बघतो. तिथे आवृत्ती सांगणारी डॉलर-स्कीमाची ओळ नसते, किंवा दुसरीकडून उचललेली असते. ती नसेल तर व्हॅलिडेटर स्वतःच्या मनाने आवृत्ती धरतो, आणि प्रत्येकाचं मन वेगळं.

खरी गोम अशी की जेसन स्कीमाच्या लेखी अनोळखी कीवर्ड, म्हणजे नियम सांगणारा ठरीव शब्द त्या आवृत्तीत नसला तरी, ही चूक नाही. काही कडक व्हॅलिडेटर ओरडतात, बाकीचे गुपचूप पुढे जातात. आवृत्त्यांची नावं ड्राफ्ट-०४, ०६, ०७ आणि त्यानंतर २०१९-०९, २०२०-१२ अशी. इफ-देन-एल्स, म्हणजे ‘असं असेल तर तसं’ ही अट, ड्राफ्ट-०७ मध्ये आली. तोच स्कीमा ड्राफ्ट-०४ च्या व्हॅलिडेटरला दिला तर अट कधी लागतच नाही आणि सगळं हिरवंगार दिसतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो डॉलर-रेफ, म्हणजे दुसरीकडे लिहिलेल्या व्याख्येकडे बोट दाखवणारा कीवर्ड. समजा ‘कोड’ फील्डला सामाईक व्याख्येचा डॉलर-रेफ दिलाय आणि शेजारी मॅक्सलेंग्थ ६ (जास्तीत जास्त ६ अक्षरं) लिहिलंय. ड्राफ्ट-०७ पर्यंत डॉलर-रेफच्या शेजारचं काहीच धरलं जात नाही, म्हणून १२ अक्षरांचा कोडही बिनदिक्कत आत येतो. २०१९-०९ पासून ते धरलं जातं. आवृत्ती वाढवली की काल पास झालेल्या फाइल आज अडकतात, आणि शिव्या नव्या आवृत्तीला बसतात! जुन्यावरच राहायचं असेल तर दोन्ही गोष्टी ऑलऑफमध्ये (आतल्या सगळ्या अटी पाळायला लावणारा कीवर्ड) घाला.

नुसती पहिली ओळ बदलणं म्हणजे अपग्रेड नव्हे. ड्राफ्ट-०४ मध्ये एक्सक्लुझिव्ह-मिनिमम (किमान मर्यादेचा आकडा स्वतः चालत नाही असं सांगणारा कीवर्ड) ट्रू-फॉल्स असायचं, ड्राफ्ट-०६ पासून तिथे आकडा लागतो. २०२०-१२ मध्ये आयटम्सला (यादीतल्या घटकांचे नियम सांगणारा कीवर्ड) नियमांची यादी देता येत नाही, त्यासाठी प्रिफिक्स-आयटम्स आहे. फॉरमॅट या कीवर्डचंही तसंच: २०१९-०९ पासून त्यात ‘डेट’ लिहिलं तरी ती मूळात नुसती नोंद असते, तारीख खरंच तपासायची तर व्हॅलिडेटरमध्ये वेगळं सांगावं लागतं.

मग निवडायची कुठली? डेटा घेणाऱ्यांचे व्हॅलिडेटर काय चालवतात ते आधी विचारा. जुने-नवे मिसळलेले असतील तर मी ड्राफ्ट-०७ वर थांबतो. ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायचं मानक) ३.१ वापरत असाल तर २०२०-१२ सरळ जुळतं, ३.० ची बोली मात्र वेगळीच, तिथे नलेबल (किंमत नल, म्हणजे रिकामी चालते असं सांगणारा कीवर्ड) वगैरे भानगडी.

ठरवलं की प्रत्येक नियमासाठी एक मुद्दाम बिघडवलेली फाइल बनवा आणि ती नापास होते का बघा. वरच्या उदाहरणात १२ अक्षरी कोडची एक फाइल पुरली असती.