अश्रूंतलं प्रथिन संगणकावर उघडून कसं पाहावं

विदर्भात डोळ्यांचे हाल नवे नाहीत. तुरीच्या मळणीला कुटार उडतं, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून घरी येईस्तोवर डोळे चुरचुरतात. डोळ्यांवरच्या त्या पाण्यात मिठाबरोबर लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही प्रथिनं असतात. टिअर लिपोकॅलिन नावाचं प्रथिनही भरपूर असतं. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, तेलकट अंश चिकटला की तिथे पाणी पसरत नाही. लिपोकॅलिन तो अंश उचलून आपल्या पोटात धरतं. हे कसं जमतं ते पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही, ते फिरवूनच पाहावं लागतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. मोबाइलवर चालतं, पण हळू. कॉलेजच्या संगणक कक्षात तासभर मिळाला तर उत्तम.

पायरी १ : फाइल शोधा

प्रोटीन डेटा बँक हा १९७१ पासूनचा, सगळ्या जगाला खुला असलेला, प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह आहे. ‘आरसीएसबी पीडीबी’ असं शोधलं की त्याचं संकेतस्थळ सापडतं. तिथल्या शोधचौकटीत इंग्रजी लिपीत चार खुणा टाका : आकडा एक, मग एक्स, के, आय. शेवटी आय हे अक्षर आहे, तिथे एकचा आकडा टाकू नका. ही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली रचना १.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने टिपलेली आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. फाइल उघडली की ‘स्ट्रक्चर’ टॅबवर जा.

पायरी २ : आकार ओळखा

माउसचं डावं बटण दाबून रेणू सावकाश फिरवा, चाकाने जवळ आणा. सपाट बाणांसारख्या पट्ट्या दिसतील. त्या बीटा पट्ट्या. अशा आठ पट्ट्या शेजारी-शेजारी वळून बंद होतात आणि कणगी तयार होते : बुड बंद, तोंड उघडं. बाहेरच्या अंगाला एक गुंडाळी टेकलेली असते, ती अल्फा हेलिक्स. उघड्या तोंडाशी चार सैल वळणं आहेत. त्यांना लूप म्हणतात. ही चार वळणं नीट लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत त्यांचं काम पडणार आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, वरच्या अनुक्रमाच्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. आता त्या ओळीत सी हे अक्षर, म्हणजे सिस्टीन, शोधून टिचकी मारा. ६१ आणि १५३ या क्रमांकांच्या सिस्टीनांमध्ये गंधकाचा पूल आहे. पिवळे गंधक-अणू एकमेकांना भिडलेले दिसले की तोच पूल. साखळीत इतक्या लांब असलेली दोन ठिकाणं घडीत शेजारी येतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पटतं.

पायरी ३ : पोकळी उघडा

खरा माल इथे आहे, घाई करू नका. बहुतेक मुलं रंगीत पट्ट्यांचं चित्र सेव्ह करून मोकळी होतात. पण प्रथिनाचं काम पट्ट्यांच्या आतल्या रिकाम्या जागेत चालतं.

उजवीकडच्या ‘कंपोनंट्स’मध्ये ‘पॉलिमर’समोरच्या तीन ठिपक्यांवर जा. ‘ॲड रिप्रेझेंटेशन’मधून ‘मॉलिक्युलर सरफेस’ निवडा. मग ‘सेट कलरिंग’मध्ये ‘रेसिड्यू प्रॉपर्टी’खाली ‘हायड्रोफोबिसिटी’, म्हणजे पाणी टाळण्याचा गुण, घ्या. कोणता रंग कशाचा हे ठरवायला एखाद्या ल्युसिनवर आणि एखाद्या लायसिनवर माउस नेऊन बघा. ल्युसिन पाण्यापासून पळतं, लायसिन पाण्यात रमतं. आता शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवा. समोरचा भाग कापला जाऊन पोट उघडं पडेल. आतली भिंत मुख्यतः पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांची आहे, म्हणूनच मेदाम्लाची लांब शेपटी तिथे सुखाने बसते. ही पोकळी मोठी आणि फाटे फुटलेली आहे. मेदाम्लं, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) असे वेगवेगळे पाहुणे त्यामुळेच तिथे सामावतात.

पायरी ४ : नातलगाशी ताडून पाहा

आता आकडा एक, आर, बी, पी ही फाइल उघडा. रक्तातून अ जीवनसत्त्व वाहणारं हे प्रथिनही लिपोकॅलिन कुळातलंच. त्याच्या पोटात रेटिनॉल बसलेलं स्पष्ट दिसतं. रेटिनॉलवर टिचकी मारा, भोवतालची अमिनो आम्लं उजळतील. इथे खिसा एका पाहुण्याच्या मापाचा आहे, अश्रूंतला मात्र ऐसपैस. दोघांचं कामच वेगळं. एकाला ठरलेला माल पोचवायचा आहे, दुसऱ्याला येईल तो स्निग्धांश आवरायचा आहे. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन याच कुळातलं, वेळ असेल तर तेही पाहा.

पायरी ५ : वळणं हललेली पाहा

शेवटची फाइल : आकडा तीन, मग ई, वाय, सी. हे पुन्हा अश्रूंतलंच लिपोकॅलिन, पण पोकळीत ब्युटेनडायॉलचा लहानसा रेणू आहे. ही रचना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली फाइल दुसऱ्या टॅबमध्ये ठेवून दोन्ही रेणू एकाच दिशेने वळवा. पट्ट्यांची बैठक जवळपास तीच आहे, तोंडाशी असलेली वळणं मात्र जागा बदलतात. पोकळीची आतली मांडणीही पाहुण्याप्रमाणे थोडी सरकते.

प्रकल्पासाठी डॉकिंग, म्हणजे लहान रेणू प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज, करणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं. डॉकिंगच्या साध्या पद्धतीत प्रथिन ताठ धरलं जातं. एकाच फाइलवर स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल बसवून आलेला आकडा वहीत उतरवला तर तो त्या एका ठेवणीपुरताच असतो. तोच रेणू दोन्ही फाइलींत बसवा, दोन्ही आकडे लिहा आणि वळणं कुठे होती त्याचं चित्र सोबत जोडा.