स्टॅक भरून प्रोग्रॅम गप्प मरतोय? सिग्नल हँडलरला वेगळी जागा द्या

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी सी मध्ये लिहिलेला माझा एक प्रोग्रॅम आहे, हायड्रॉलिक सिलिंडरची पार्ट लिस्ट वाचतो आणि कशात काय किती लागतं ते मोजतो. पार्टाच्या आत पार्ट, म्हणून रिकर्शन, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलवतं आणि दर वेळी स्टॅकवर (फंक्शनला चालायला लागणारी मेमरी) थोडी भर पडते. मागच्या पावसाळ्यात तो आठवडाभर मरायलाय आणि लॉगमध्ये एक ओळ नाही, टर्मिनलवर नुसतं सेगमेंटेशन फॉल्ट. सिगसेगव्हीचा (चुकीच्या मेमरीला हात लावला की येणारा सिग्नल) हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, मी स्वतः लावलेला होता, नल पॉइंटरवर तो बरोबर बोलायचा, पण इथं मात्र गप्प.

कारण असं. हँडलर हेही एक फंक्शन, त्याला चालायला स्टॅक लागतो, आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हँडलर बोलवायच्या आधी रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) वगैरे सगळं त्याच स्टॅकवर लिहून ठेवतं. आता फॉल्ट आलाय तोच मुळी स्टॅक संपला म्हणून, मग लिहिणार कुठं? कर्नलला जागा मिळत नाही, ते सरळ प्रोसेस मारून टाकतं. लिनक्सवर साधारण ८ एमबीचा स्टॅक असतो, युलिमिट डॅश एस मारून बघा, ८१९२ दिसेल, ते केबीत.

२०१९ च्या ऑगस्टात चिकोडी तालुक्यात कृष्णेला पूर आला तेव्हा लोकांनी जनावरं उंच जागी नेली, ती जागा आधीपासून माहीत होती म्हणून नेता आली, पाणी दारात आल्यावर शोधत बसायला वेळ नसतो. इथंही तसंच, जागा प्रोग्रॅम सुरू होतानाच राखून ठेवायची. त्यासाठी सिगऑल्टस्टॅक नावाचा सिस्टिम कॉल (कर्नलला काम सांगायची सोय) आहे.

करायचं काय बघा. आधी मेमरी घ्या, मी एममॅपनं घेतो, एक पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) जादा धरून, आणि सगळ्यात खालचं पेज एमप्रोटेक्टनं बंद करतो, कारण स्टॅक खाली वाढतो आणि हँडलरचाच स्टॅक भरला तर तो शेजारचा डेटा खराब करण्यापेक्षा तिथंच फॉल्ट झालेला बरा. मग स्टॅक_टी स्ट्रक्चर भरायचं: एसएस_एसपी मध्ये बंद पेजच्या लगेच वरचा पत्ता (वरचं टोक नव्हे हं, खालचंच), एसएस_साइझ मध्ये बंद पेज सोडून उरलेला आकार, एसएस_फ्लॅग्ज शून्य. ते सिगऑल्टस्टॅकला द्या आणि रिटर्न व्हॅल्यू तपासा, जागा फार लहान असली तर ईनोमेम हा एरर मिळतो.

एवढं करून बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात चालेना. हँडलर लावणाऱ्या सिगॲक्शनच्या एसए_फ्लॅग्जमध्ये एसए_ऑनस्टॅक टाकल्याशिवाय कर्नल त्या जागेकडं बघतसुद्धा नाही. सोबत एसए_सिगइन्फो टाका म्हणजे एसआय_ॲड्र मधून फॉल्टचा पत्ता मिळतो, आणि एसए_रीसेटहँड पण टाका. हा शेवटचा मला फार आवडतो: हँडलर संपून परत गेला की तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट येतो, पण आता हँडलर निघालेला असतो, त्यामुळं प्रोसेस रीतसर मरते आणि कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची फाइल) चालू असेल तर तो नेमका मूळ जागेचा पडतो. हा फ्लॅग नसला आणि हँडलर नुसता परत गेला तर तोच फॉल्ट फिरून फिरून येत राहतो.

आकाराचं नीट ऐका. जुन्या पुस्तकी उदाहरणात सिगएसटीकेएसझेड या कॉन्स्टंटच्या आकाराचा स्टॅटिक ॲरे असतो, एक्स८६ वर तो ८१९२ बाइट आणि किमान आकार २०४८. पण एव्हीएक्स-५१२ वाल्या (मोठी रजिस्टरं असलेल्या) प्रोसेसरवर नुसती रजिस्टरंच २०४८ मध्ये मावत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ आलं तेव्हापासून ग्नू सोर्स मॅक्रो चालू असला तर हा आकडा कॉन्स्टंट राहिलेला नाही, आणि जुना कोड कंपाइलच होईना झाला. सिसकॉन्फ फंक्शनला हा आकार विचारा, तो सांगेल तो आकडा आणि ६४ केबी यातलं मोठं असेल ते घ्या. ६४ केबीनं आज कुणाचं काही अडत नाही.

हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, मॅलॉक नको. त्यांनी आतला लॉक धरलेला असतानाच सिग्नल आला तर तिथंच अडकून पडाल. आधी तयार ठेवलेला मजकूर राइटनं फाइल डिस्क्रिप्टर २ वर (एरर छापायची जागा) टाका, बास.

आता माझी दुसरी चूक. हे सगळं मेनमध्ये लावलं, टेस्ट केलं, चाललं, कारखान्यात टाकलं आणि तिथं परत गप्प! हँडलर अख्ख्या प्रोसेसचा एकच असतो, पण हा वेगळा स्टॅक प्रत्येक थ्रेडचा (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) ज्याचा त्याचा, पीथ्रेडनं केलेल्या नव्या थ्रेडला तो मिळत नाही, आणि माझं रिकर्शन चाललेलं वर्कर थ्रेडमध्ये. म्हणून प्रत्येक थ्रेडच्या पहिल्या ओळीतच सिगऑल्टस्टॅक लावायचा, आणि थ्रेड संपताना आधी एसएस_डिसेबल, मगच मेमरी सोडायची, उलटं केलं तर सोडून दिलेल्या जागेवर हँडलर उभा राहील. फोर्कनं प्रोसेसची प्रत केली तर त्या चाइल्डला तो मिळतो, एक्झेकनं दुसरा प्रोग्रॅम चढवला की मात्र जातो. गो भाषेतून सी कोड वापरत असाल तर सी बाजूच्या प्रत्येक हँडलरला एसए_ऑनस्टॅक पाहिजेच, गोरूटीनचे (गो चे हलके थ्रेड) स्टॅक लहान असतात.

टेस्ट करताना १ केबीचा व्होलाटाइल ॲरे असलेलं, स्वतःलाच बोलवणारं फंक्शन लिहा आणि डॅश ओ शून्यनं (ऑप्टिमायझेशन बंद) कंपाइल करा, नाहीतर ऑप्टिमायझर रिकर्शनचा साधा लूप करून टाकतो आणि तुम्ही वाट बघत बसता. हँडलरमध्ये एका लोकल व्हेरिएबलचा पत्ता तुमच्या राखलेल्या जागेत पडतोय का ते तपासून दोनपैकी एक मजकूर छापा. हे मेनमध्ये पण करा आणि थ्रेडमध्ये पण.

दुसऱ्यांदा टाकल्यावर दोन दिवसांत मेसेज आला, कोअर उघडला, बॅकट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शननं कुणाला बोलवलं त्याची यादी) एकच पार्ट नंबर हजारो वेळा खाली खाली गेलेला. कुणीतरी लिस्ट भरताना एका सील किटच्या आत तेच सील किट टाकलेलं होतं. ती ओळ काढली, आणि रिकर्शनला ६४ लेव्हलची मर्यादा घातली ती अजून तशीच आहे.