दुबईला टॉवेल पाठवताय? वाचलेले 5 टक्के आधी भावात मागा

भारत-यूएई व्यापार करार, म्हणजे सेपा, 1 मे 2022 पासून लागू आहे. आपल्या सोलापुरी टॉवेलवरची तिकडची 5 टक्के ड्युटी त्यात शून्य झाली. ही बातमी सगळ्यांना माहीत आहे, पण ती ड्युटी भरत कोण होतं हे फारसं कुणी विचारत नाही. भरत होता दुबईचा घेणारा. म्हणजे करारानं वाचलेला पैसा आधी त्याच्या गल्ल्यात पडतो. माझ्याकडे कागदपत्रं करायला येणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो, भाव बोलायच्या आधी हिशेब मांडा. भाडं-विम्यासकट, म्हणजे सीआयएफ, किंमत 20 लाख असेल तर एक लाख वाचतो. त्यातला थोडा तरी वाटा मागून घ्या. सवलतीचा कागद, म्हणजे माल भारतीय असल्याचं सर्टिफिकेट, तुम्ही देणार, मग गप्प का बसायचं?

आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, काढणं आता सोपं आहे. पॅन, बँक खातं आणि 500 रुपये फी. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर, बंदरावर नोंदवून घ्या. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा. हे सगळं तुमचा सीए करून देईल.

खरं काम एचएस कोडचं, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या आंतरराष्ट्रीय नंबरचं. सुती टेरी टॉवेल 6302.60 मध्ये येतो. पहिले सहा आकडे दोन्ही देशांत सारखेच असतात, म्हणून घेणारा तिकडे कोणता कोड लावतो ते आधी विचारा. त्याच ऑर्डरमध्ये बाथरोब असतील तर ते कपड्यांत मोडतात. त्यांची ओळ वेगळी लावा.

मग डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे माल कुठला ते सांगणाऱ्या दाखल्याचा, अर्ज. सेपाचंच निवडा, साधं, बिनसवलतीचं सर्टिफिकेट काढून दिलं तर ड्युटी माफ होत नाही. माल निघण्याआधी अर्ज टाका. माल भारतीय ठरायला करारात वस्तूनिहाय नियम आहेत, ते वाचा आणि सुताची बिलं जपून ठेवा. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला दिलेला निर्यातीचा कागद) आणि सर्टिफिकेट शेजारी-शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. कार्टनचा आकडा, वजन, घेणाऱ्याचं नाव. नावापुढचं ‘एलएलसी’ (कंपनीचा प्रकार) गळलं तरी तिकडे प्रश्न येतो.

भाव डॉलरमध्ये सांगावा की दिरहममध्ये? फरक नाही. 1997 पासून एक डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम, दर बांधलेलाच आहे. रुपयातही व्यवहार करता येतो, 2023 मध्ये दोन्ही मध्यवर्ती बँकांनी तसा करार केलाय. तुमची बँक तयार आहे का, एवढं विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. सेपाचं हे सर्टिफिकेट फक्त यूएईत चालतं. दुबईचा व्यापारी तोच माल पुढे रियाधला पाठवणार असेल तर सौदी आपली ड्युटी लावणारच. ‘सगळं आखात एकच’ म्हणून तो भाव पाडायला बघेल, तेव्हा माल शेवटी कुठे उतरणार ते लेखी घ्या.

कागदांचा मेल गुरुवारपर्यंत पाठवा. यूएईत 2022 पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी, आणि शुक्रवारी अर्धाच दिवस काम.