छोट्या मत्स्य-संशोधन नौकेवर पहिल्यांदा जाताना

मळमळीची गोळी नौका निघण्याच्या तासभर आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

ट्रॉल, म्हणजे नौकेमागे तळावरून ओढायचं जाळं, पाण्यात सोडला की खरं काम सुरू होतं. तो ओढणारी वायर साधारणपणे पाण्याच्या खोलीच्या तिप्पट सोडतात, म्हणजे 40 मीटर खोलीला 120 मीटर. उथळ पाण्यात त्याहूनही जास्त लागते, नाहीतर जाळं तळाला नीट टेकतच नाही. घड्याळ मात्र जाळं टाकल्यापासून लावायचं नाही; ते तळाला बसून वायर स्थिर झाली की लावायचं. नवखे हमखास इथे चुकतात. 3 नॉट (ताशी 3 सागरी मैल) वेगाने अर्धा तास म्हणजे 2,778 मीटर. जाळं आडवं 15 मीटर उघडत असेल, तर सुमारे 41,670 चौरस मीटर तळ झाडला गेला. वेळ पाच मिनिटांनी चुकली की क्षेत्रफळ सहाव्या हिश्शाने चुकलं, आणि त्यावर बेतलेली माशांची घनताही.

विंच (वायर गुंडाळणारं यंत्र) फिरत असताना वायरच्या रेषेत उभं राहू नका, दोराच्या वेढ्यात पाय तर चुकूनही नको.

मासळी डेकवर ओतली की मोठे आणि क्वचित मिळणारे मासे आधी बाजूला काढून सगळेच्या सगळे मोजा. उरलेला ढीग फावड्याने खालीवर करून मग नमुना घ्या. लहान मासे फटींतून तळाशी उतरतात. वरचेच उचलले तर सरासरी लांबी फसवी निघते. 120 किलोंच्या ढिगातून 20 किलो घेतले, तर त्यातली माशांची संख्या आणि वजन सहाने गुणायचं. ओल्या टोपलीचं वजन वजा केलंय ना, तेवढं बघा.

लांबी पूर्ण शेपटीपर्यंत मोजली की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहाच. ते राहिलं तर किनाऱ्यावर आल्यावर कुणीही सांगू शकत नाही. लिहायचं पेन्सिलीने, जलरोधक कागदावर. नमुन्याची चिठ्ठी त्याच्या बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते.

वय काढण्यासाठी कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, हवे असतील तर तो मासा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) घालू नका. त्यातल्या आम्लामुळे खडा झिजतो. खडा काढा, त्यावरचं पातळ आवरण पुसा आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. डीएनएसाठी माशाच्या पराचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये. पुढच्या माशाला हात घालण्याआधी चिमटा आणि कात्री स्वच्छ करा.