माउथ ऑर्गनवर कंट्री वाजवायचंय? भूप आठवा

म्हापशात मित्रांच्या बैठकीत कुणी गिटारवर जी मेजरमध्ये कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचं) गाणं धरलं, की जीचा नव्हे, सीचा माउथ ऑर्गन काढा. तोही दहा छिद्रांचा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या शुद्ध सुरांचा. दुकानात सहज मिळणाऱ्या ट्रेमोलोवर (एकेका सुराला दोन पात्या असलेल्या, थरथरत्या आवाजाच्या प्रकारावर) श्वासाने सूर नीट वाकत नाहीत.

आता जीला सा माना. चौथं छिद्र ओढा, म्हणजे त्यातून श्वास आत घ्या: प. पाचवं फुंका: ध. सहावं फुंकलं की वरचा सा, ओढलं की रे. सातवं ओढा: ग. झाला की भूप! कंट्रीचा गोडवा बराचसा याच पाच सुरांत असतो. पाचवं मात्र ओढलंत, तर कोमल नी लागतो आणि गाणं ब्लूजकडे झुकतं. ‘कंट्री ट्युनिंग’च्या वाद्यात तिथेच शुद्ध नी असतो, पण सुरुवातीला तो खर्च नको. त्यापेक्षा नॅशव्हिलचे माउथ ऑर्गनवादक चार्ली मॅकॉय ऐका: एकेक सूर किती सुटा, स्वच्छ!

गोव्याच्या पावसात आतली लाकडी पट्टी फुगते, म्हणून प्लॅस्टिकचीच घ्या. वाजवून झालं की छिद्रं खाली करून तळहातावर आपटा आणि सुकल्याशिवाय डबीत ठेवू नका.